मुलगा म्हणतोय लेस्टरमध्ये कॅब चालवतो, गाडीसाठी पैसे पाठवू का?

नमस्कार ताई,

तुमचा मेल वाचला. मुलगा लेस्टरला एमएससी करतोय, सप्टेंबरमध्ये कोर्स संपतोय, जॉब अजून लागत नाहीये म्हणून मित्रांसारखी प्रायव्हेट हायरची, म्हणजे आधी बुकिंग केलेलीच भाडी घेणारी कॅब चालवणार म्हणतोय, आणि गाडी घ्यायला तुम्ही एफडी मोडून पैसे पाठवावेत अशी त्याची इच्छा आहे. आणि "एवढं शिकून टॅक्सी?" हे तुम्हाला लागलंय ते कळतंय मला, पण ते आधी बाजूला ठेवा, कष्टाचं काम आहे, त्यात कमीपणा अजिबात नाही. माझी काळजी वेगळी आहे, ती म्हणजे तारखांची.

आपल्याकडे आरटीओत काम होतं तसं तिकडे नाही. इंग्लंडमध्ये हे लायसन्स तिथली कौन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेसारखी संस्था देते, लंडनमध्ये टीएफएल ही तिथली वाहतूक संस्था. आणि एक नाही, तीन लायसन्स लागतात: ड्रायव्हरचं, गाडीचं आणि बुकिंग घेणाऱ्या ऑपरेटरचं, आणि तिन्ही एकाच कौन्सिलची हवीत. म्हणजे नुसती गाडी घेतली आणि अ‍ॅप चालू केलं असं होत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. लंडन सोडून बाकी बहुतेक इंग्लंडमध्ये 1976 चा कायदा लागतो, त्यात अट आहे की साधं कार चालवायचं फुल लायसन्स हातात येऊन किमान 12 महिने झालेले पाहिजेत, आणि त्यात आपलं भारतीय लायसन्स धरत नाहीत. तो आत्ता तिकडे भारतीय लायसन्सवर गाडी चालवत असेल तर तेही राहायला गेल्यापासून 12 महिनेच चालतं, आणि ते बदलून मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही टेस्ट द्याव्याच लागतात. प्रॅक्टिकलची तारीख मिळायलाच कित्येकदा महिनोन्‌महिने जातात.

त्यात व्हिसा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा किंवा सेल्फ-एम्प्लॉयमेंट चालत नाही, म्हणजे कॅबही नाही आणि ते फूड डिलिव्हरीचं अ‍ॅपही नाही, "सगळे करतात" म्हणून करायला गेला आणि पकडला गेला तर व्हिसाच धोक्यात येतो. कोर्स पास झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा व्हिसा मिळाला की मग चालतं, पण तो 2 वर्षांचा, आणि 1 जानेवारी 2027 पासून अर्ज केला तर बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना 18 महिन्यांचाच, आणि वाढवून मिळत नाही. कौन्सिलला 1 डिसेंबर 2016 पासून इमिग्रेशन स्टेटस तपासणं बंधनकारक आहे आणि व्हिसा जिथे संपतो त्याच्या पुढचं लायसन्स ते देत नाहीत. आता तुम्हीच हिशोब करा, टेस्ट पास व्हायला काही महिने, त्यानंतर पूर्ण 12 महिने थांबायचं, मग कौन्सिलचा अर्ज, एन्हान्स्ड डीबीएस म्हणजे पोलीस रेकॉर्डची कडक तपासणी, मेडिकल, बऱ्याच ठिकाणी शहराची आणि नियमांची परीक्षा. कमवायला उरतं किती? आणि ड्रायव्हरच्या कामावर पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाही, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेला नोकरीचा व्हिसा, मिळत नाही, म्हणजे हप्ते डोक्यावर ठेवून परत यायची वेळ येईल.

कागदपत्रांवरून मुलगा वैतागेल, तर त्याला कारणही सांगा. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावात लहान मुलींचं शोषण झालं त्याचा अहवाल 2014 ला आला, त्यात काही टॅक्सीवाल्यांचाही हात असल्याचं समोर आलं, तेव्हापासून कौन्सिलवाले ड्रायव्हर नीट पारखूनच घेतात आणि ते योग्यच आहे, रात्री एकट्या मुलीला आपण त्याच्या गाडीत बसवतो. वयाच्या 18 वर्षांनंतर ब्रिटनबाहेर सलग 3 महिने किंवा जास्त राहिलेल्यांची तिथलीही माहिती मागतात, म्हणजे त्याला भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागेल हे धरून चाला.

अजून एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मित्र म्हणेल "माझी गाडी आहे, रात्री तू चालव". अजिबात नाही! मागे कौन्सिलची प्लेट लागलेली प्रायव्हेट हायरची गाडी लायसन्स नसलेल्याने किराणा आणायलासुद्धा चालवायची नसते, इन्शुरन्सही बाद होऊ शकतो. आणि पुढे लायसन्स मिळालं तरी स्टेशनबाहेर कोणी हात केला म्हणून बसवायचं नाही, आधी बुकिंग झालेलंच भाडं घ्यायचं, हात दाखवल्यावर थांबून भाडं घ्यायचा हक्क फक्त हॅकनी कॅरेजचा, म्हणजे वेगळं लायसन्स असलेल्या टॅक्सीचा.

माझं मत विचाराल तर गाडीसाठी आत्ता एक रुपयाही पाठवू नका. टेस्ट मात्र त्याला लगेच द्यायला सांगा, सरकारी साइटवरूनच बुक करायची, एजंट नको. तिकडचं लायसन्स असलं तर इतर नोकऱ्यांनाही उपयोग होतो. आणि खरा जोर ग्रॅज्युएट व्हिसाच्या मुदतीत त्याच्या विषयातला, स्पॉन्सर करणारा जॉब शोधण्यावर लावायचा, युनिव्हर्सिटीची करिअर सर्व्हिस त्यासाठीच असते, तिथे तो गेलाय का ते विचारा. तरीही कॅबच करायची असेल तर लेस्टर सिटी कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाला मेल टाकून स्वतःचा व्हिसा आणि लायसन्सची तारीख सांगून लेखी उत्तर मागवू दे. ते उत्तर आणि त्याचा सीव्ही दोन्ही मला पाठवा, विषय कोणता तेही लिहा, मेलमध्ये ते राहून गेलंय.