रांजणापासून प्रभागापर्यंत

प्रिय ताई, नागपूर महापालिकेची निवडणूक लढवण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. माझी आई एप्रिल-मे महिन्यांत पहाटे उठून दारातील पाणपोईचा रांजण घासून भरत असे आणि दीक्षाभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी आमच्या अंगणात दरवर्षी पिठलं-भाकरी होत असे. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे आणि मग काम विचारावे, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

मात्र घरातील पुण्याई मतदाराच्या दारापर्यंतच नेते. त्यापुढे कामाची माहिती लागते. वयाची 21 वर्षे पूर्ण असणे आणि शहराच्या मतदारयादीत नाव असणे या अटी सोप्या आहेत. अवघड आहे तो प्रभाग समजून घेणे, कारण 2017 च्या रचनेत 38 प्रभागांतून 151 सदस्य निवडले गेले, म्हणजे बहुतेक ठिकाणी चौघांनी मिळून काम करायचे होते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा चिखल उपसायला धावलेल्यांची आठवण लोकांना आजही आहे. तरीही नाल्याची सफाई पावसाळ्यापूर्वी का झाली नाही, हे झोन कार्यालयात लेखी विचारणारा माणूसही तितकाच हवा असतो, आणि माझ्या मते तो फार कमी आढळतो.

म्हणून अर्ज भरण्याआधी किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा वही घेऊन प्रभागात पायी फिरा, आणि प्रत्येक तक्रारीपुढे तारीख व अर्जाचा आवक क्रमांक लिहा.