राउटर आणि फोन ‘वाटाघाटी’ करतात का?

ऐरोलीच्या एका भगिनींनी विचारणा केली आहे. त्यांच्या सोसायटीच्या कार्यालयात नवे वाय-फाय बसवले, तेव्हा राउटरसोबत आलेल्या इंग्रजी सूचनापत्रकाचे मराठी करून फलकावर लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. ‘राउटर व फोन चॅनल बँडविड्थ निगोशिएट करतात’ या वाक्याचे त्यांनी ‘पट्टारुंदीबाबत वाटाघाटी करतात’ असे केले आणि ते वाचून त्यांच्या सासऱ्यांनी विचारले, ‘मग शेवटी माघार कोणी घेतली?’ भगिनींना योग्य शब्द हवा आहे. सासऱ्यांचा प्रश्न चेष्टेचा असला, तरी नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे.

आधी ‘पट्टारुंदी’ पाहू. ‘बँड’ला पट्टा आणि ‘विड्थ’ला रुंदी ही जोडणी एरवी चुकीची नाही. परंतु वाय-फायच्या बोलण्यात ‘बँड’ म्हणजे रेडिओलहरींचा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झचा अख्खा पट्टा, आणि चॅनल म्हणजे त्या पट्ट्यातला एक तुकडा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे, तर त्यातले नेहमीचे चॅनल २० मेगाहर्ट्झचे असते. त्यामुळे ‘पट्टारुंदी २०’ असे लिहिल्यास ती रुंदी पट्ट्याची की तुकड्याची, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. येथे ‘चॅनलची रुंदी’ म्हणावे. ‘वाहिनी’ हा शब्द दूरचित्रवाणीने कायमचा आपल्या नावावर करून घेतला आहे, शिवाय फलक रंगवणाऱ्याच्या हातून एक काना राहिला तर भलताच प्रसंग ओढवायचा.

मला स्वतःला या रुंदीसाठी कापडाच्या दुकानातला ‘पन्हा’ आठवतो. मीटर तेवढेच घेतले तरी मोठ्या पन्ह्याच्या कापडात सदरा बसतो आणि लहान पन्ह्याच्या कापडात बाह्या कमी पडतात. तसेच तेवढ्याच वेळात रुंद चॅनलवरून अधिक माहिती जाते. वाय-फायचा पन्हा वाढतच गेला आहे: २००९ च्या ८०२.११एन मानकात २० चे ४० मेगाहर्ट्झ झाले, २०१३ च्या ८०२.११एसी मानकाने ८० आणि १६० आणले, आणि वाय-फाय ७ मध्ये मजल ३२० पर्यंत गेली. फलकावर ‘पन्हा’ लिहावा, असे मी सुचवणार नाही. पण सासऱ्यांना समजावून सांगताना तो अवश्य वापरावा. मेगाबिटमध्ये मोजला जाणारा वेग आणि ‘सध्या मला बँडविड्थ नाही’ यातली सवड हे त्याच इंग्रजी शब्दाचे निराळे अर्थ आहेत व त्यांचा येथे संबंध नाही.

आता मुख्य शब्द. वाटाघाटीत दोन्ही बाजू काहीतरी मागतात, काहीतरी राखून ठेवतात आणि मधल्या आकड्यावर येतात. राउटर आणि फोन यांच्यात असे काहीच घडत नाही. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘बीकन’ नावाचा छोटा संदेश हवेत सोडतो. त्यात आपले नाव, आपला चॅनल आणि आपण किती रुंदीवर काम करतो हे सांगितलेले असते. ही सरळसरळ दवंडी आहे. फोन जोडणीची विनंती पाठवताना आपल्याला किती रुंदी पेलते ते कळवतो, आणि दोन आकड्यांपैकी जो लहान असेल तो धरला जातो. राउटर ८० चा व फोन २० चा असेल, तर व्यवहार २० वर होतो. ५० वर तडजोड होण्याचा प्रश्नच येत नाही. माघार कोणी घेतली याचे उत्तर द्यायचेच झाले, तर मोठ्याने लहानाला समजून घेतले, एवढेच म्हणता येईल.

जोडणीनंतरही रुंदी एकदाच ठरून मोकळी होत नाही. नव्या मानकांतल्या प्रत्येक माहितीखंडाच्या अग्रभागी त्याची रुंदी नोंदवलेली असते. ठाणे स्थानकात गाडी येण्याआधी फलकावर १२ किंवा १५ हा डब्यांचा आकडा झळकतो आणि माणसे त्याप्रमाणे पुढेमागे सरकून उभी राहतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी फोन मध्येच ‘यापुढे मला अरुंद चॅनलवरच पाठवा’ असेही कळवू शकतो.

खऱ्या अर्थाने विचारणा म्हणता येईल अशी एक जागा मात्र आहे. आरटीएस आणि सीटीएस या दोन लहान संदेशांना मी ‘पाठवू का?’ आणि ‘पाठवा’ असे म्हणतो. ८०२.११एसीमध्ये पाठवणारा ८० मेगाहर्ट्झच्या चारही २० च्या तुकड्यांवर एकाच वेळी ‘पाठवू का?’ विचारू शकतो. ऐकणाऱ्याकडे त्यातला काही भाग शेजाऱ्याच्या वाय-फायने व्यापलेला असेल, तर तो मोकळ्या असलेल्या ४० किंवा २० वरच ‘पाठवा’ म्हणतो. यातही घासाघीस नाही, हवेत जेवढी जागा आहे तेवढीच मान्य होते. गंमत अशी की जुन्या साधनांना समजेल अशा या संदेशात रुंदीसाठी वेगळा रकाना नव्हता, म्हणून ती दुसऱ्याच कामाच्या काही बिटांत बसवली आणि ती तेथे आहे हे दाखवण्यासाठी पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला एक बिट बदलून खूण केली.

‘खूण’ म्हटल्यावर ‘सिग्नलिंग’ला काय म्हणावे हा प्रश्न ओघानेच येतो. ‘सिग्नल देणे’ नको, कारण ‘सिग्नल नाही’ म्हणजे फोनला रेंज नाही, हा अर्थ रुळला आहे. ‘संकेत’ हा शब्द मात्र येथे इंग्रजीपेक्षाही नेमका बसतो. संस्कृतात संकेत म्हणजे नुसती खूण नव्हे. दोघांनी आधी ठरवलेली खूण, आणि ते ठरवणेही. प्रेमिकांनी भेटण्याची ठरवलेली जागा ती संकेतस्थळ, हा या शब्दाचा जुना अर्थ वेबसाइटने मागे सारला असला, तरी शिष्टसंकेतातला ‘ठरलेली रीत’ हा अर्थ आजही शाबूत आहे. वरची बिटांची खूण वाचता येते ती दोन्ही बाजूंना मानक आधीच ठाऊक असते म्हणूनच; इतकी तंतोतंत संकेताची व्याख्या हवेत घडताना क्वचितच पाहायला मिळते.

या सगळ्यावरून फलकासाठी मी असे वाक्य सुचवेन: ‘राउटर आणि फोन आपल्याला पेलणारी चॅनलची रुंदी एकमेकांना कळवतात आणि दोघांना जमेल त्या रुंदीवर जुळवून घेतात.’ ‘निगोशिएट’चे सगळे काम ‘कळवणे’ आणि ‘जुळवून घेणे’ या दोन क्रियापदांत होते.

भगिनींनी जाता जाता विचारलेल्या ‘ऑटो २०/४०/८०’ या ओळीबद्दल एक अनुभव सांगतो. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत घरे भिंतीला भिंत लागून आहेत. मी २.४ गिगाहर्ट्झसाठी ४० निवडून ठेवले, तरी जुन्या फोनवर लिंक स्पीड, म्हणजे जोडणीचा वेग, ७२ मेगाबिटच दिसत राहिला, आणि तो वेग २० च्या रुंदीचा आहे. शेजारपाजारची नेटवर्के ऐकून राउटर मुकाट्याने २० वर आला होता. मी निवडलेला आकडा हुकूम नव्हता, मर्यादा होती. म्हणून ‘स्वयंचलित ८०’ असे न लिहिता ‘आपोआप, ८० पर्यंत’ असे लिहावे.