कियारा, जुझे आणि कोफी : नावांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बारसं तोंडावर आलंय. मुलीसाठी 'कियारा' आणि 'मायरा' ही दोन नावं घरात पसंत आहेत. पण कियाराचा अर्थ एका संकेतस्थळावर 'तेजस्वी' दिलाय, तर दुसऱ्यावर 'काळी'. मायराचे तर चार-पाच अर्थ सापडले. खरा कोणता धरायचा? (नाशिक)

उत्तर : कियाराचे दोन्ही अर्थ बरोबर आहेत, कारण ही मुळात दोन वेगळी नावं आहेत. इटालियन 'कियारा' लॅटिन 'क्लारुस'वरून आलं. त्याचा अर्थ स्वच्छ, उजळ, प्रख्यात. असिसीची संत क्लारा (११९४–१२५३) तिच्या स्वतःच्या भाषेत कियाराच. आयर्लंडमधल्या नावाचा उच्चार 'कीरा'च्या जवळ जातो आणि ते 'काळा' या अर्थाच्या आयरिश शब्दावरून आलंय. रोमन लिपीत दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, म्हणून याद्यांमध्ये त्यांची सरमिसळ झाली. आपण मराठीत करतो तो उच्चार इटालियन नावाचा आहे, तेव्हा 'उजळ' हा अर्थ खुशाल सांगा.

मायरा कवितेतून आलं. इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) याने आपल्या कवितांतल्या प्रेयसीसाठी हे नाव घडवलं. 'मेरी'ची अक्षरं फिरवून ते केलं असावं, किंवा लॅटिन 'मिर्रा' म्हणजे आपला हिराबोळ त्यामागे असावा, हे पुढच्यांचे तर्क. 'सुगंधी' हा अर्थ त्या हिराबोळातूनच आला. लेखक जोनाथन स्विफ्टने 'व्हेनेसा' हे नावही असंच घडवलं होतं : एस्थर व्हॅनहोमरी या मैत्रिणीच्या आडनावातलं 'व्हॅन' घेतलं आणि एस्थरचं लाडकं रूप त्याला जोडलं. अशा नावांना कोशातला अर्थ नसतो, जन्मकथा असते. आमच्या मते ती सांगणं हे ओढूनताणून अर्थ चिकटवण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

कोणतंही नाव तपासताना आधी भाषा ठरवा, मग अर्थ बघा. याद्यांमध्ये सरसकट 'संस्कृत' लिहिलेलं असतं. ते खरं असेल, तर शब्द आपट्यांच्या संस्कृत कोशात सापडायला हवा, नाहीतर त्याची फोड तरी करता यायला हवी. 'दिव्यांश' सहज सुटतं : दिव्य + अंश. 'रेयांश' फोडलं की 'रेय' उरतं, आणि 'किरण' या अर्थाचा 'रेय' संस्कृतात नाही. नाव आवडलं असेल तर जरूर ठेवा, फक्त पत्रिकेवर 'सूर्यकिरणांचा अंश' छापू नका.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं नाव जुझे आणि शेजारच्या काकांचं जुआंव. या नावांना कोंकणीत काही अर्थ आहे का? (मडगाव)

उत्तर : घडण कोंकणी जिभेची, वाट पोर्तुगीजांची आणि मूळ हिब्रू. जुझे म्हणजे हिब्रूतला योसेफ, 'तो भर घालो'. बायबलमध्ये या बाळाच्या जन्मानंतर त्याची आई राहेल देवाकडे आणखी एक मुलगा मागते, ती मागणीच नावात आहे. अरबीतला यूसुफ तोच. जुआंव म्हणजे योहानान, 'देवाने कृपा केली'. जॉन, इव्हान, जोव्हान्नी, शॉन ही सगळी त्याचीच रूपं. २४ जूनला विहिरींत उड्या मारून साजरा होणारा सांजांव याच नावाच्या संताचा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा.

हिब्रू नावं मराठीतही अशीच मुरली. १७९६मध्ये मुंबईत बेने इस्राएलींचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, शआर हारहमीम हे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) उभारणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होते.

प्रश्न : आमच्या ऑफिसात घानाचे दोघे आहेत आणि दोघांचंही नाव कोफी. घाना देशात नावं इतकी कमी आहेत का? (पुणे)

उत्तर : दोघेही शुक्रवारी जन्मलेले असणार. घानातल्या अकान लोकांत बाळ जन्मतानाच एक नाव घेऊन येतं, ते वाराचं. मुलगा आणि मुलगी या क्रमाने : रविवार क्वासी, अकोसुआ, सोमवार क्वाद्वो, अद्वोआ, मंगळवार क्वाबेना, अबेना, बुधवार क्वाकू, अकुआ, गुरुवार याव, या, शुक्रवार कोफी, अफुआ, शनिवार क्वामे, अमा. बोलीप्रमाणे रूपं थोडी बदलतात.

आठव्या दिवशी बाळाला घराबाहेर आणून वडील निवडतात ते नाव वेगळं. त्या वेळी बाळाच्या जिभेवर पाण्याचा आणि मद्याचा थेंब ठेवतात : पाण्याला पाणी म्हण, मद्याला मद्य म्हण, म्हणजे खरं बोल. शिवाय जुळ्यांना 'अता' लागतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अता अन्नान ८ एप्रिल १९३८ला जन्मले. तो शुक्रवार होता आणि त्यांच्या जुळ्या बहिणीचं नाव होतं एफुआ, शुक्रवारचंच.

हे नाव कागदापेक्षा पक्कं ठरू शकतं. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९ अशी नोंदली गेली. पण तो मंगळवार होता आणि क्वामे तर शनिवारचा. म्हणून १८ सप्टेंबर ही तारीख जास्त संभवते. तुमच्या सहकाऱ्यांना हाक मारताना दुसरं नाव जोडलंत, की घोळ होणार नाही.

प्रश्न : मुलाचं नाव अब्दुल रहमान आहे. शाळेच्या अर्जात 'रहमान' आडनावाच्या रकान्यात गेलंय. बदलून घ्यावं का? (मालेगाव)

उत्तर : हो, आणि लवकर. 'अब्द' म्हणजे सेवक, 'उल' हा पुढच्या शब्दाचा भाग. नुसतं 'अब्दुल' म्हणजे 'चा सेवक', वाक्य अर्ध्यावर तुटतं. 'रहमान' हे अल्लाहचं नाव आहे, तुमच्या घराण्याचं नाही. इथून पुढे प्रत्येक अर्जात नावाच्या रकान्यात 'अब्दुररहमान' असं एकत्र लिहा आणि स्पेलिंग जन्मदाखला, आधार, पासपोर्ट असं सगळीकडे एकच ठेवा. शमसुद्दीन, निजामुद्दीन यांचीही 'उद्दीन' तोडून फोड करू नये.

प्रश्न : नातवाचं जन्मनक्षत्र आर्द्रा, तिसरा चरण. अक्षर आलं 'ङ'. आता नाव काय ठेवायचं? (सांगली)

उत्तर : 'ग'वरून ठेवा. २७ नक्षत्रांचे १०८ चरण आणि प्रत्येकाला एक अक्षर, असा हा हिशेब. त्यात ङ, ञ, ण आले, पण त्यांनी सुरू होणारी नावंच नाहीत. म्हणून शास्त्रकारांनी त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड सांगितलेत. मात्र आधी जन्मवेळ पुन्हा तपासा. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो, जन्म सीमेवरचा असेल तर थोड्या मिनिटांच्या चुकीनेही अक्षर बदलतं. आणि हे अक्षर नावरस नावाला, म्हणजे पत्रिकेतल्या नावाला, लागू आहे. पत्रिकेत 'गजानन' लिहून हाक 'अर्णव' अशी मारली, तरी रीत पाळली जाते.