हात आखडायचा नाही

तुझा मेसेज वाचला, फोन बाजूला ठेवला आणि परत उचलून वाचला. "सर, तिसऱ्या गेमला १८-१६ वर मला एकदम वाटलं की जिंकायची ही ओढ म्हणजेच अहंकार, म्हणून मी आतून सोडून दिलं, हरले पण मन शांत होतं." हे तू रात्री पावणेदोनला लिहिलंयस. मन शांत असतं तर झोपली असतीस गं.

मी बघत होतो ना सगळं. समोरची दमली होती, पाय उचलत नव्हते तिचे, बॅकहँडचा कोपरा अख्खा उघडा, आणि तीन वेळा शटल तुझ्या डोक्यावर अर्धवट आलं, तिन्ही वेळा तू स्मॅश न मारता उंच क्लियर करून तिला श्वास घ्यायला वेळ दिलास. तिच्या डोळ्यात पाणी आलेलं मला बाहेरून दिसलं म्हणजे तुला तर दिसलंच असणार. त्याला तू अलिप्तपणा म्हणतेस. मी त्याला हात आखडणं म्हणतो, आणि ध्यानाला बस असं तुला मीच सांगितलं होतं म्हणून यात अर्धी चूक माझी आहे, मी अर्धंच सांगितलं.

"कर्मण्येवाधिकारस्ते" तू मला पाठवलंस. त्या श्लोकाचा चौथा चरण वाचलास का? "मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि." काही न करण्याचाही लळा लागू देऊ नकोस. लोक पहिले दोन चरण पाठ करतात आणि थांबतात, कारण चौथा अडचणीचा आहे. त्याच अध्यायात ३८ वा श्लोक, जय-पराजय सारखे मान, आणि लगेच पुढे "ततो युद्धाय युज्यस्व". सारखे मान आणि घरी जा असं नाहीये ते, सारखे मान आणि मग लढायला लाग. आधी समत्व, मग पूर्ण ताकद, आणि दोन्ही एकाच श्लोकात.

आता माझी गोष्ट सांगतो, तुला कधी सांगितली नव्हती. तेव्हा बॅडमिंटनमध्ये १५ चा गेम असायचा, सर्व्हिस तुमची असेल तरच पॉइंट. निवडीची मॅच होती आणि समोर माझा जवळचा मित्र. त्याला ती जागा माझ्यापेक्षा जास्त हवी होती, घरची परिस्थितीही तशी होती, आणि मी तेव्हा वैराग्य, निष्काम वगैरे बरंच वाचत होतो. १२-९ ने पुढे असताना मी ढिला सोडला. फार सफाईने सोडला, दोन ड्रॉप नेटमध्ये, एक लिफ्ट बाहेर, कुणाला कळलं नाही. त्या रात्री मला आपण फार मोठे झालो असं वाटत होतं. बघ, शब्द बघ. मोठे झालो. त्या अख्ख्या मॅचमध्ये माझा अहंकार सगळ्यात जास्त कधी फुगला असेल तर तो तेव्हा, जिंकत होतो तेव्हा नाही. आणि मित्राला कळलं होतं. चार दिवसांनी येऊन एवढंच म्हणाला, "मला खरं हरवण्याच्याही लायकीचा समजला नाहीस तू." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. आजपर्यंत नाही.

म्हणून मी ओरडतो. मुलं म्हणतात सर फार रगडतात, सरावातही पॉइंट सोडू देत नाहीत, पालक येऊन सांगून जातात, एकदोघं सोडूनही गेले. गेले तर गेले. माझं चुकतंय असं मला अजूनही वाटत नाही. आवाज कमी चढवता आला असता हे मान्य, पण जे सांगत होतो ते बरोबरच होतं. समोरच्याला आपला पूर्ण खेळ द्यायचा, त्याहून मोठा आदर कोर्टवर दुसरा नाही. हात आखडायचा नाही.

तुला पूर्वेकडचं सगळं आवडतं तर हे घे. च्वांग-त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या नावावरच्या ग्रंथात झुंजीच्या कोंबड्याची गोष्ट आहे. राजासाठी एकजण कोंबडा तयार करत असतो, राजा दर दहा दिवसांनी विचारतो झाला का तयार, हा म्हणतो नाही, अजून तोऱ्यात आहे. मग नाही, अजून दुसऱ्याच्या सावलीला, आवाजाला उसळतो. मग नाही, अजून डोळे वटारतो. शेवटी म्हणतो, आता झाला, दुसरा आरवला तरी हा हलत नाही, लाकडाचा वाटतो, आणि त्याच्यासमोर उभं राहायची कुणाची हिंमत होत नाही. लाकडाचा झाला म्हणजे रिंगणातून उठून गेला असं नाही! गळला तो तोरा. झुंज तिथेच आहे.

जपानचा सुमो पैलवान फुताबायामा, योकोझुना म्हणजे सुमोतला सर्वोच्च दर्जा मिळालेला, सलग ६९ कुस्त्या जिंकला आणि जानेवारी १९३९ मध्ये हरला. हरल्यावर त्याने आपल्या गुरुस्थानी असलेल्या माणसाला तार केली, अजून लाकडी कोंबडा होता आलं नाही. ६९ विजय मिळवताना त्याने कुणालाही सोडलं नव्हतं, आणि हरल्यावर रेफ्री, दुखणं, नशीब काही नाही, फक्त स्वतःच्या साधनेचा हिशेब.

आणि १९६४, टोकियो, ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये. खुल्या गटाची फायनल, जपानचा कामिनागा त्यांच्याच घरात, समोर हॉलंडचा धिप्पाड खेसिंक. खेसिंकने त्याला जमिनीवर दाबून धरलं, सुटू दिलं नाही, अख्ख्या सभागृहाला काय वाटेल म्हणून पकड सैल केली नाही. जिंकल्याबरोबर हॉलंडचे लोक मॅटकडे धावले तर याने हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. मला ते दृश्य फार प्रिय आहे. शेवटच्या क्षणापर्यंत हात आखडला नाही आणि पुढच्याच क्षणी तोच हात आपला जल्लोष थांबवायला वर गेला. तू म्हणतेस जिंकायला झटणं आणि अलिप्त राहणं या दोन गोष्टी भांडतात. कुठे भांडल्या?

१८-१६ ला "मी" येणारच. मी जिंकणार, मी हरणार, मी किती चांगली की मला तिची दया आली, हा तिसराही "मी"च आहे आणि तो सगळ्यात गोड बोलतो. त्याच चिनी ग्रंथात म्हटलंय की मातीच्या खापरीची पैज असेल तर नेम चोख लागतो, सोनं लावलं की तोच माणूस आंधळा होतो. कसब तेच, लक्ष मात्र गेलं. तुझं लक्ष तेव्हा स्वतःच्या चांगुलपणावर गेलं होतं, त्यामुळे शटल दिसलंच नाही. "मी"ला हाकलत बसू नकोस, तेही भांडणच होतं. दोन पॉइंटच्या मधे रॅकेटच्या तारा सरळ कर, एक श्वास सोड, आणि मग शटलचा कॉर्क बघ. फक्त कॉर्क. तो रॅकेटवर येईपर्यंत त्यात तू नाहीस, ती नाही, स्कोअर नाही. आणि मग पूर्ण मार. हरलीस तरी चालेल, मला खरंच चालेल, पण पूर्ण मारून हर.

परवा सहाला ये, १८-१६ पासूनच खेळायचं, वीस वेळा.

आणि त्या मुलीला फोन कर. तिला कळलंय, सामना संपल्यावर नेटपाशी हात मिळवताना तिने तुझ्याकडे बघितलं नाही, ते मी पाहिलंय. काय बोलायचं ते मला सांगता येणार नाही, माझ्याकडे मित्राचा नंबर आहे आणि मी अजून लावलेला नाही. पण तू उशीर करू नकोस.