डिस्क विकता येते, डीएलसी नाही
वाचकांचे प्रश्न : कन्सोल गेमिंग

प्रश्न : मामांनी अमेरिकेहून येताना पीएस४च्या (प्लेस्टेशन ४ या कन्सोलच्या) गेमची डिस्क आणली. गेम व्यवस्थित चालतो. त्याचं डीएलसी (मूळ गेमला जोडायचा विकतचा डिजिटल भाग) मी माझ्या भारतीय अकाउंटवरून घेतलं, डाउनलोडही झालं, पण गेममध्ये त्याचा पत्ताच नाही. पैसे बुडाले का?
– टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : डीएलसीत बिघाड नाही, जोडी चुकली आहे. पीएस४ आणि पीएस५वर कुठल्याही देशाची डिस्क चालते, त्यामुळे घोटाळा आधी कळतच नाही. डीएलसी मात्र डिस्कच्या रीजनचंच (विक्रीच्या प्रदेशाचंच) लागतं, आणि प्लेस्टेशनचं ऑनलाइन स्टोअर तुम्हाला अकाउंटच्या देशाचं डीएलसी विकतं. तुमची डिस्क अमेरिकन, डीएलसी भारतीय स्टोअरचं, म्हणजे युरोपीय मालिकेतलं. दोघांची ओळखच पटत नाही.

पैसे देण्याआधी हे पाहायला दोन मिनिटं लागतात. डिस्कवर आणि डबीच्या कडेवर पीएस४साठी ‘सीयूएसए’ आणि पीएस५साठी ‘पीपीएसए’ अशा अक्षरांपुढे पाच आकडे छापलेले असतात. फोनच्या ब्राउझरमध्ये भारतीय स्टोअरवरचं त्या डीएलसीचं पान उघडा. वरच्या पत्त्यात तसाच क्रमांक दिसेल. आकडे जुळले तर घ्या, नाहीतर थांबा. त्या क्रमांकाच्या आधी ‘ईपी’ असेल तर माल युरोपीय, ‘यूपी’ असेल तर अमेरिकन. दुबई-मस्कतहून आलेल्या किंवा खडे बाजारात जुन्या घेतलेल्या डिस्कलाही हीच कसोटी लावा. डबी एका देशाची आणि आत डिस्क दुसऱ्या देशाची असा प्रकार जुन्या मालात होतो, म्हणून डिस्कवरचा आकडा खरा माना.

परताव्याचा नियम कडक आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच पैसे परत. तुम्ही डाउनलोड केलंय, तेव्हा आशा कमी. काहीजण अमेरिकेचं दुसरं अकाउंट उघडून डॉलरच्या गिफ्ट कोडने डीएलसी घेतात. तांत्रिकदृष्ट्या ते चालतं, पण खोटा पत्ता देणं स्टोअरच्या नियमात बसत नाही. अकाउंट बंद झालं तर त्यावरचं सगळंच जातं. त्यापेक्षा ही डिस्क विकून भारतीय प्रत घ्या. घेतलेलं डीएलसी तिच्याबरोबर आपोआप जुळेल, पुन्हा पैसे द्यावे लागणार नाहीत. सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) मात्र बहुतेक वेळा अमेरिकन प्रतीतून भारतीय प्रतीत येत नाही, एवढी मनाची तयारी ठेवा.

प्रश्न : नवीन गेम येतो तेव्हा साधी आवृत्ती, डिलक्स आवृत्ती, सीझन पास असं सगळं एकदम पुढे ठेवतात. पहिल्या दिवशी सगळं घेतलेलं स्वस्त पडतं का? नेमकं काय घ्यावं, सांगा की.
– निपाणी

उत्तर : साधी आवृत्ती घ्या आणि गेम आधी संपवा. सीझन पास (पुढे येणाऱ्या डीएलसींचे आधीच भरायचे पैसे) म्हणजे अजून न शिजलेल्या जेवणाचं आगाऊ बिल. डिलक्समध्ये बहुतेक वेळा चार पोशाख, एखादं शस्त्र आणि संगीत असतं, आणि ते शस्त्र दोन तासांत निरुपयोगी होतं. हा धंदा जुना आहे. एप्रिल २००६मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं, तेव्हा लोक हसले. लोकांनी घेतलंही, म्हणून आज आपण इथे आहोत.

पैसे घालण्यासारखं डीएलसी म्हणजे नवी कथा, नवा प्रदेश, नवे शत्रू. ‘विचर ३’चं ‘ब्लड अँड वाइन’ (२०१६) हा अजूनही मापदंड आहे. पण चांगल्या डीएलसीतही दोन खड्डे असतात.

पहिला पिढीचा. ‘सायबरपंक २०७७’चा मूळ गेम पीएस४वर आहे, ‘फँटम लिबर्टी’ (सप्टेंबर २०२३) नाही. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ पीएस४वर आहे, त्याचं ‘बर्निंग शोअर्स’ (एप्रिल २०२३) फक्त पीएस५वर आलं, नंतर पीसीवर. तुमच्याकडे पीएस४ असेल आणि कोणी ‘डीएलसीसकट’ म्हणून गळ्यात मारत असेल, तर आधी हे विचारा.

दुसरा प्रवेशाचा. डीएलसी घेतलं म्हणजे ते लगेच खेळता येतं असं नाही. ‘बर्निंग शोअर्स’ला मुख्य कथा पूर्ण करावी लागते. ‘एल्डन रिंग’च्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’साठी (जून २०२४) राडान आणि मोग हे दोन्ही बॉस (मोठे शत्रू) मारलेले हवेत. मोग तर असा आडबाजूला बसलाय की कित्येकांना तो पहिल्या खेपेत सापडतच नाही. आत गेल्यावरही लेव्हल वाढवत बसू नका, तिथे खरी ताकद ‘स्कॅडूट्री फ्रॅगमेंट’ नावाच्या शोधून गोळा करायच्या तुकड्यांची. ते एकूण ५० आहेत आणि त्यांनी आशीर्वादाची, म्हणजे डीएलसीतल्या ताकदीची, पातळी २०पर्यंत चढते. ‘डीएलसी फार अवघड आहे’ म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण पाच-सहा फ्रॅगमेंटवर शेवटच्या बॉसपुढे उभे असतात.

घाई नसेल तर वर्ष-दीड वर्ष थांबून सगळ्यासकट येणारी ‘कम्प्लीट’ किंवा ‘अल्टिमेट’ आवृत्ती घ्या. ती जुनी घेताना मात्र जपून. ‘सायबरपंक’च्या अल्टिमेट आवृत्तीत पीएस५साठी मूळ गेम डिस्कवर आहे आणि ‘फँटम लिबर्टी’ कागदावरच्या कोडने मिळतं. कोड एकदाच चालतो. पहिल्या मालकाने तो वापरला असेल तर तुमच्या हातात साधीच आवृत्ती आली, भाव तसाच करा.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात लाइट सारखी जाते. डाउनलोड चालू असताना गेली तर डिस्क-ड्राइव्ह खराब होते का? इन्व्हर्टरवर पीएस५ चालेल?
– खानापूर

उत्तर : नुसतं डाउनलोड तुटलं तर काही होत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. धोका आहे तो इन्स्टॉल, अपडेट किंवा सेव्ह चालू असताना. त्या वेळी ड्राइव्हवर लिहिणं अर्धवट राहतं. हार्ड डिस्कच्या पीएस४ला याचा त्रास जास्त. लाइट आल्यावर गेम उघडेना किंवा डीएलसीवर कुलूप दिसलं तर कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा आणि दुसरी बीप आली की सोडा. ही सेफ मोडची स्क्रीन. कंट्रोलर वायरने जोडा आणि पाचवा पर्याय, रीबिल्ड डेटाबेस, निवडा. गेम आणि सेव्ह तसेच राहतात. सहाव्या आणि सातव्याला हात लावू नका, ते कन्सोल कोरा करतात.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर पॉवर सप्लाय गुणगुणतो आणि तापतो. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर बॅटरीकडे वळायला जो क्षण लागतो तेवढ्यात कन्सोल बंद पडतो आणि लोक इन्व्हर्टरला नावं ठेवतात. खेळताना पीएस५ सुमारे २०० वॅट घेतो, ४३ इंची टीव्ही धरून ३००च्या आसपास. १५० अँपिअर-अवरच्या धडधाकट बॅटरीवर तीन तास निघतील, पंखे-दिवे कमी केले तर. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता.

वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील तर प्लग काढाच, आणि राउटरची लॅन वायर व सेट टॉप बॉक्सची केबलही. प्लग काढूनही एचडीएमआयचं पोर्ट जळतं ते बहुधा या दुसऱ्या वाटेने.

पीएस४वाल्यांसाठी आणखी एक : अपडेट बसवताना तो पूर्ण गेमची नवी प्रत तयार करतो. गेम ५० जीबीचा असेल तर अपडेट दोन जीबीचं असूनही जवळपास तेवढीच जागा मोकळी लागते. आणि मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर ६० जीबीचा गेम उतरवायला ४० दिवस लागतील. ५० एमबीपीएसच्या फायबरवर तेच काम पावणेतीन तासांचं.

प्रश्न : दादाच्या अकाउंटवर गेम आणि डीएलसी घेतलंय. तो पुण्याला नोकरीला गेला, तिथे त्याने स्वतःचा पीएस५ घेतला. आता घरच्या पीएस५वर माझ्या अकाउंटवर सगळ्याला कुलूप दिसतं.
– चिक्कोडी

उत्तर : दादाने तिकडे ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ (त्या कन्सोलवरच्या बाकीच्या अकाउंटनाही खेळू देणारी सेटिंग) सुरू केलं असणार. हे एका अकाउंटला एकाच पीएस५वर मिळतं. घरच्या कन्सोलवर दादाचं अकाउंट उघडा आणि सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, अदर या वाटेने जाऊन ते इथे सुरू करा, मग तिथूनच रीस्टोअर लायसन्सेस दाबा. तुमच्या अकाउंटवर सगळं खुलं होईल. दादा स्वतःच्या अकाउंटवरून इंटरनेट चालू ठेवून पुण्यात खेळू शकतो. नेट गेलं की त्याला कुलूप, तुम्हाला नाही.

प्रश्न : एटीएम कार्ड स्टोअर घेतच नाही. बँकेत विचारलं तर कार्ड चांगलं आहे म्हणतात.
– अथणी

उत्तर : नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपोआप बंदच असतात, रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२०पासून आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही सुरू करून मर्यादा घाला. तरीही नाही झालं तर झटत बसू नका, रुपयांतला गिफ्ट कोड घ्या. तो फक्त भारतीय अकाउंटवर चालतो. धाकट्या मुलांसाठी हीच पद्धत बरी. फुटबॉलच्या गेममध्ये पॅक (खेळाडूंची बंद पाकिटं) फोडायला कार्ड जोडून दिलं की महिनाअखेरीस कळतं, आणि त्या पॅकमधले खेळाडू पुढच्या वर्षीच्या गेममध्ये येत नाहीत.

प्रश्न : जुना पीएस३ मिळाला. त्याचं डीएलसी अजून मिळतं का?
– शहापूर, बेळगाव

उत्तर : मिळतं, पण ऑक्टोबर २०२१पासून पीएस३वरून थेट कार्डाने पैसे देता येत नाहीत. आधी ब्राउझरमधून वॉलेटमध्ये पैसे टाका, मग कन्सोलवरून घ्या. एक्सबॉक्स ३६०चं दुकान २९ जुलै २०२४ला बंद झालं, आधी घेतलेलं तेवढं उतरवता येतं. पीएस३वर घेतलेल्याचा बॅकअप सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅकअप युटिलिटीने काढून ठेवा. विकत घेतलेला माल त्याच कन्सोलवर नीट परत येतो, दुसऱ्यावर नाही. बॅकअपसाठी जोडायचा ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला हवा, एक्सफॅटचा लावलात तर पीएस३ला तो दिसणारच नाही.