आधी भिंत, मग विषय

प्रिय चित्रकर्मी,

पाण्याच्या हक्कावरच्या भित्तिचित्राचा तुझा आराखडा पाहिला. त्यातली घोषणा काढून टाक. चालत्या माणसाला ती वाचावी लागली, तर चित्र कमी पडलं असं समज.

आता भिंत. मुठीने सगळीकडे ठोकून पाहा. गिलावा पोकळ वाजेल तिथे फोडून गवंड्याकडून नवा करून घे आणि त्याला 28 दिवस दे. ताजं सिमेंट अल्कधर्मी असतं. त्यावर तैलरंग लावला तर तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. बाहेरच्या भिंतीसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्याखाली अल्कलीरोधक प्रायमर, एवढंच वापर. ओल तपासायला हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी पट्टीने घट्ट चिकटव. 24 तासांनी आतून थेंब दिसले तर काम थांबव आणि गळतीचा उगम शोध. लोणा (भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार) लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाड. पाण्याने धुतलास तर क्षार विरघळून परत आत मुरतात.

4 बाय 6 मीटरची भिंत म्हणजे 24 चौरस मीटर. खडबडीत पृष्ठभागावर लिटरमागे 6 चौरस मीटर धर. म्हणजे एका हाताला 4 लिटर आणि दोन हातांना 8. चित्र मोठं करून उतरवायला कागदावर 5 सेंटिमीटरच्या चौकटी आख, भिंतीवर 50 च्या. अशा 96 होतील. उभ्या रेषा ओळंब्यानेच घे, कारण भिंतीची कड सरळ असेलच असं नाही. परांचीवरून प्रमाण कळत नाही, म्हणून दर दोन-तीन चौकटींनंतर उतरून रस्त्यापलीकडून पाहा. (कंटाळा येतो. तरी उतर.)

काव आणि पिवळी माती हे लोहाचे रंग, ते उन्हात टिकतात. भडक गुलाबी आणि फ्लोरोसंट आधी उडतात. म्हणून चित्राचा अर्थ उजेड-सावलीत ठेव, भडक रंगावर टांगू नकोस.

मालकाची लेखी परवानगी घेताना पूर्ण चित्र सोबत जोड. चित्र किती वर्षं राहणार, दुरुस्ती कोण करणार, पुसायचं ठरलं तर कोणाला कळवणार, हेही त्यात लिही. मेक्सिकन चित्रकार सिकेरोसने 1932 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रीतसर मागवलेलं भित्तिचित्र रंगवलं. मध्यभागी क्रुसावर चढवलेला आदिवासी होता, तो मागवणाऱ्यांच्या कल्पनेत नव्हता. आधी काही भाग, मग सगळं चित्र पांढऱ्या रंगाखाली गेलं. लोकांना ते पुन्हा 2012 मध्ये पाहायला मिळालं. कागद हातात असूनही हे होतं. म्हणून समोर राहणाऱ्यांना कच्चं चित्र आधी दाखव. ज्यांचं दुःख रंगवतोयस त्यांना तर सर्वांत आधी. एखाद्याचा चेहरा त्याला न विचारता दोन मजली करू नकोस.

भिंतीपुढे फेरोसिमेंटचं (लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेलं) शिल्प हवंच असेल, तर वजनाने 10 किलो सिमेंट, 20 किलो वाळू, 4 लिटर पाणी. पाणी वाढवलं की थापायला सोपं जातं आणि वाळताना तडे पडतात. जाळीमागे पोकळी राहू देऊ नकोस. 14 दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेव. कुठे जाळी उघडी राहिली तर गंज फुगतो आणि शिल्प आतून फुटतं. मुलं त्यावर चढणारच, त्यामुळे कडा गोल कर. फटी 9 सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा 23 पेक्षा मोठ्या ठेव. मधल्या मापाच्या फटीत डोकं अडकतं.