वाढत्या कालवडींसाठी सोयाबीन पेंडीला पर्याय कोणता?

तुमच्याकडे 8 ते 14 महिन्यांच्या संकरित कालवडी आहेत, सोयाबीन पेंड परवडत नाही, आणि तिच्याऐवजी अझोला (पाण्यावर वाढणारे नेचे), सुबाभूळ किंवा युरिया यांवर भागवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः कालवडी सांभाळतो. माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत भरवशाचा पर्याय या तिघांतला नसून भाजलेला गवार कोरमा (गवारीच्या बियांतून डिंक काढल्यावर उरणारा भाग) आणि त्याच्या जोडीला दशरथ घास किंवा लसूणघास हा प्रथिनयुक्त हिरवा चारा हा आहे.

पर्याय तोलताना गोणीचा भाव न पाहता एक किलो प्रथिन कितीला पडते ते पाहावे. समजा, 45 टक्के प्रथिने असलेली पेंड 45 रुपये किलो आहे, तर तिच्यातले प्रथिन 100 रुपये किलो पडले. 22 टक्के प्रथिनांची सरकी पेंड 33 रुपयांना घेतली, तर तेच प्रथिन 150 रुपयांना पडते, म्हणजे स्वस्त दिसणारी गोणीच महाग ठरते. आपल्या बाजारातले आजचे भाव घालून हा हिशेब प्रत्येक खरेदीच्या वेळी करावा.

याच हिशेबात अझोला मागे पडतो. वाळवलेल्या अझोलात 20 ते 25 टक्के प्रथिने असतात हे खरे, पण ताज्या अझोलात सुमारे 94 टक्के पाणी असते, त्यामुळे किलोभर ओल्या अझोलातून जेमतेम 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. दोनशे किलो वजनाच्या कालवडीला दिवसाला साधारण 650 ते 700 ग्रॅम प्रथिने लागतात. वाफ्यातला रोजचा दोन किलो अझोला पूरक म्हणून जरूर द्यावा. मात्र त्याच्या भरवशावर पेंड बंद करणाऱ्यांच्या कालवडी खुरटलेल्या पाहिल्या की मला फार वाईट वाटते.

सुबाभळीचा पाला प्रथिनांनी समृद्ध आहे, परंतु त्यातील मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडते. हे विष पचवणारे जिवाणू हवाई बेटांवरील शेळ्यांच्या कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात) सापडले आणि तेथून ते ऑस्ट्रेलियातील गुरांना देण्यात आले. तथापि आपल्या जनावरांच्या पोटात ते आहेत असे गृहीत न धरता हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक सुबाभूळ देऊ नये.

युरिया हे प्रथिन नव्हे; कोटीपोटातील सूक्ष्मजीव त्यातील नत्रापासून प्रथिन बनवतात आणि त्यासाठी त्यांना मक्यासारखे पिष्टमय खाद्य सोबत लागते. सहा महिन्यांच्या आतील वासराला तो देऊ नये, मोठ्या कालवडीच्या खुराकातही एक टक्क्यावर जाऊ नये, आणि पाण्यात विरघळवून तर कधीच पाजू नये. घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालत असाल तर युरिया पूर्ण टाळावा, कारण कच्च्या सोयाबीनमधील विकर (एन्झाइम) युरियाचे झपाट्याने अमोनियात रूपांतर करते आणि जनावर दगावू शकते.

आता कोरम्याविषयी. गवारीच्या बियांतून डिंकाचा भाग काढल्यावर जे उरते त्यात 45 ते 50 टक्के प्रथिने असतात, आणि भाजल्यामुळे त्याची पचनीयता व चव सुधारते. अडचण एकच, ती वासाची. पहिल्या दिवशी कालवडी हुंगून तोंड फिरवतात, किंवा मक्याचा भरडा तेवढा चाटून खातात आणि कोरम्याचे दाणे गव्हाणीच्या तळाशी तसेच ठेवतात. म्हणून मूठभरापासून सुरुवात करून, खुराक थोडा ओलसर कालवून, दहा-बारा दिवसांत प्रमाण वाढवावे. माझे मिश्रण शेकडा असे आहे: मक्याचा भरडा 40, कोरमा 20, सरकी पेंड 20, तूर चुणी 17, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1. यात सुमारे 21 टक्के प्रथिने येतात. हे मिश्रण दिवसाला दोन किलो, सोबत पाच किलो हिरवा दशरथ घास आणि अडीच-तीन किलो कडबा दिला की दोनशे किलोच्या कालवडीची गरज भागते. दशरथ घास बांधावरही येतो व वर्षानुवर्षे कापता येतो, त्यामुळे लसूणघासापेक्षा मला तो अधिक सोयीचा वाटतो.

शेंगदाणा पेंड स्वस्त मिळाली तर जरूर घ्यावी, पण पावसाळ्यात खडा फोडून आत हिरवट-काळी बुरशी आहे का ते पाहावे. या बुरशीचे विष, अफलाटॉक्सिन, यकृतावर घाव घालते आणि वाढत्या जनावराला ते लवकर बाधते. हाच धोका इथेनॉल कारखान्यांतून येणाऱ्या डीडीजीएसमध्ये (धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या वाळवलेल्या चोथ्यात) असतो, म्हणून तो तपासणी-अहवालाशिवाय घेऊ नये.

बदल लागू पडतो आहे की नाही हे टेपने ठरवावे. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे, म्हणजे किलोतील अंदाजे वजन मिळते. दर पंधरवड्याला हे लिहून ठेवा. रोजची वाढ 500 ग्रॅमच्या आसपास असेल तर कालवड वेळेवर 250 किलोवर जाऊन गाभण करण्यायोग्य होईल; 400 ग्रॅमच्या खाली राहिली तर आधी जंतनाशक दिल्याची खात्री करा आणि मगच खुराक वाढवा.